सुभेदार आडवा येतो

संस्थेचे कोणी जुने विश्वस्त वारले म्हणून शाळा त्या दिवशी लवकर सुटली, आणि अहल्या स्कूटरच्या हुकाला मेथीची पिशवी अडकवून माधव नगरातल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा ड्रायक्लीनरच्या बंद शटरपाशी तिला आपले सासरे उभे दिसले. भय्यासाहेब नेहमीसारखेच व्यवस्थित होते. बंद गळ्याचा करडा कोट, काळी टोपी, हातात छत्री. त्यांच्यापुढे रस्त्यावर पोट टेकून, पुढचे पाय लांब करून, हनुवटी जमिनीशी नेऊन सुभेदार बसला होता आणि त्यांच्याकडे टक लावून पाहत होता. भय्यासाहेबांनी डावीकडे पाऊल टाकलं की तो काळापांढरा कुत्रा सरपटत डावीकडे जाई, उजवीकडे टाकलं की उजवीकडे. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही, नुसता डोळा. दोन ऑटोवाले गाड्या थांबवून मजा बघत होते, आणि समोरच्या किराणावाल्याने गिऱ्हाइकाला तसंच ताटकळत ठेवलं होतं. मग भय्यासाहेबांनी छत्री काखेत धरली, हात जोडले आणि कोर्टात साहेबांपुढे बोलावं तशा आवाजात ते म्हणाले, "सुभेदार, आज्ञा असावी."

अहल्येला पहिल्यांदा जे वाटलं ते चक्क आनंद होता, आणि हीच गोष्ट पुढे कितीतरी दिवस तिला छळणार होती. जमलं, असं तिच्या मनात आलं. ती घरात नसताना, शिट्टी न वाजवता, कोणी न सांगता सुभेदाराने काम चोख केलं होतं. तिचा हात आपोआप पर्समध्ये गेला, कारण पर्समध्ये पनीरच्या तुकड्यांची डबी असे आणि काम झाल्या क्षणी बक्षीस द्यायचं असतं, उशीर झाला तर कुत्र्याला कशाबद्दल मिळालं ते कळत नाही. डबीचं झाकण उघडतच होतं, तेवढ्यात भय्यासाहेबांनी तिला पाहिलं. त्यांनी हात खाली घेतले आणि मान खाली घातली. गृहपाठ न आणलेली मुलं वर्गात घालतात तशी. ऐंशी ओलांडलेला माणूस, अर्ध्या उज्जैनचे दिवाणी दावे ज्याने चालवले तो, आणि तो तिच्यापुढे मान खाली घालून उभा होता. "भाभीजी, ऐसा एक हमारे पिताजी के लिए भी मँगवा दो," किराणावाला म्हणाला, सगळे हसले, आणि रीत म्हणून तीही हसली. मग पुढे भय्यासाहेब, त्यांच्या मागे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे घिरट्या घालणारा सुभेदार, आणि त्याच्यामागे स्कूटर ढकलत ती, अशी वरात घरी आली. पनीर तिने दिलं नाही. सुभेदार रात्रीपर्यंत त्या डबीकडे बघत राहिला.

खरं तर कुत्रा तिचा नव्हताच. तो मधुराचा, म्हणजे तिच्या लेकीचा. पुण्यात घरी बसून काम करायच्या दिवसांत मधुराने हौसेने ते बॉर्डर कॉलीचं पिल्लू घेतलं, त्याला कुठल्याशा बिस्किटाचं नाव ठेवलं, आणि ऑफिस पुन्हा सुरू झाल्यावर "आई, फक्त दोन महिने" म्हणून त्याला गाडीत घालून उज्जैनला आणून सोडलं. ते दोन महिने अजून चालूच आहेत. आल्यादिवशी त्या जनावराने घराचा जो फेरा घेतला तो बघण्यासारखा होता. प्रत्येक खोलीत डोकावला, प्रत्येक पलंगाखाली गेला, गच्चीवर जाऊन आला, सगळ्यांच्या पायांचा वास घेतला आणि मग बैठकीच्या दारात असा बसला की आत-बाहेर करणारा प्रत्येक जण त्याच्या नजरेखालून जावा. भय्यासाहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवून हे सारं पाहिलं आणि म्हणाले, "हे तर सुभेदार आहेत. वसुलीला आलेत." या घराण्याचा कोणी पूर्वज शिंदे सरकारात कारकुनीवर होता, तेव्हा सुभेदाराला उठून मान देण्याचा अनुभव घराला पिढीजात होता. बिस्किटाचं नाव त्याच दिवशी बुडालं.

या जातीची कुत्री कुठल्याशा थंड डोंगरांत दिवसभर मेंढ्या वळतात. इथे माधव नगरात मेंढ्या कुठल्या आणायच्या? मग त्याने जे मिळालं ते वळायला घेतलं. सकाळी उठावं तर घरातल्या यच्चयावत चपला देवघरासमोर एकत्र जमवलेल्या. दूधवाल्याच्या टाचेला त्याने एकदा हलकेच दात लावले, कारण तो फाटकातून भलत्या दिशेला निघाला होता. अंगावर त्याच्या गोधडीएवढे केस आणि बाहेर माळव्याचा वैशाख, तरी हा दुपारी गच्चीवर कबुतरं गोळा करायला निघे. मग अहल्येने त्याचे पोटाखालचे केस कातरले, कूलरसमोर ओलं पोतं पसरलं, आणि सूर्य उगवायच्या आत त्याला कोठी रोडला पळवायची सवय लावून घेतली. स्वतःला, म्हणजे. त्याला सवय लागायची काय गरज, तो फाटकाशी आधीच तयार असे. आणि ते हळदीकुंकू. बायका बैठकीत ऐसपैस बसल्या होत्या, गप्पा चालल्या होत्या, आणि अहल्या स्वयंपाकघरातून खिरापतीचं ताट घेऊन बाहेर आली तो सगळ्या जणी फ्रीजच्या कोपऱ्यात दाटीवाटीने उभ्या, आपण इथे कशा आलो हे एकीलाही सांगता येईना. सुभेदार मध्ये जीभ बाहेर काढून बसला होता. शेजारची प्राजक्ता म्हणाली, "वहिनी, तुमचा कुत्रा चावत नाही न, पण लाजवतो."

त्या संध्याकाळी बायका गेल्यावर अहल्या एकटीच पोट धरून हसली आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की या प्राण्याला आवरायचं काम आता आपल्याकडेच आहे. आल्हाद, तिचा नवरा, रोज इंदूरला जाऊन येऊन नोकरी करायचा. तो फोनवरून सल्ले देई, उंटावरून शेळ्या हाकी, त्यातून निष्पन्न काही होत नसे. म्हणून तिने मोबाइलवर कुत्र्यांना शिकवण्याचे व्हिडिओ शोधले. पंजाबातले एक गृहस्थ शेतात मेंढ्या घेऊन हिंदीतून शिकवत, आवाज कधी चढवत नसत. कुत्र्याला ओरडू नका, ते म्हणत, तो बहिरा नाही, तुम्हीच गोंधळलेले आहात. हे वाक्य अहल्येने सातवीच्या वर्गालाही लावून पाहिलं आणि तिथेही ते खरं निघालं. शिट्टी मात्र तिला येत नव्हती. लहानपणी ओठांचा चंबू केला की आई म्हणायची, मुलींनी शिट्टी वाजवू नये, घरात साप येतो. पन्नाशी उलटल्यावर ती गच्चीवर कपडे वाळत घालताना शिट्टी शिकली. पहिले काही दिवस नुसता वारा निघाला. मग एका सकाळी स्वच्छ, लांब आवाज आला आणि गच्चीच्या पार टोकाला असलेला सुभेदार जागच्या जागी खाली बसला. आयुष्यात तिचं एवढं तातडीने कोणी ऐकलं नव्हतं. एक लांब शिट्टी म्हणजे थांब, दोन आखूड म्हणजे वळसा घालून पुढे जा, एक खालच्या पट्टीतली म्हणजे घेऊन ये. तो कान टवकारून बघे, चूक झाली की स्वतःच मागे फिरून पुन्हा करी, आणि बरोबर आलं की असा काही नाचे की तिला शाळेत जायला उशीर व्हायचा. त्याच्यावर तिचा जीव जडला तो तेव्हापासून. लेकीचा फोन आला की ती आधी कुत्र्याचं सांगे आणि मग घरचं.

भय्यासाहेबांचं विसरणं त्याच सुमारास सुरू झालं. आधी नावं गेली, मग वार गेले. एकदा ते वकिलीचा काळा कोट घालून घराबाहेर पडले आणि संध्याकाळी देवास गेटच्या बसस्टँडवर सापडले, एका बाकावर बसून, शेजारच्या खेडुताला मुदत कशी मागायची ते समजावताना. तोवर आल्हाद इंदूरहून धावत आला होता, पोलीस चौकीला कळवून झालं होतं, आणि अहल्येने महाकालाला काय काय बोलून ठेवलं होतं ते तिचं तिलाच माहीत. गाड्या कशा चालतात त्या रस्त्यावर. पुढचे कितीतरी दिवस तिला वर्गात शिकवताना मध्येच ब्रेकचा आवाज ऐकू येई आणि संस्कृतचे धातू चालवता चालवता ती थांबे. आल्हाद म्हणाला फाटकाला कुलूप लावू. ती म्हणाली, नाही. ज्यांनी मला या घरात कधी कुठे जातेस विचारलं नाही त्यांना मी कुलपात ठेवणार नाही. हे बोलताना तिला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. आणि मग एका सकाळी भय्यासाहेब फाटकातून बाहेर पडले, सुभेदार फट पाहून त्यांच्या मागोमाग सटकला, वळसा घालून पुढे गेला, त्यांच्या वाटेत बसला, आणि ते मुकाट्याने घरी परतले. सुंठीवाचून खोकला गेला. तिने सुभेदाराला त्या दिवशी अख्खी वाटीभर पनीर दिलं.

तिथे थांबली असती तरी ठीक होतं. पण शिकवणाऱ्याची खोड वाईट. जे आपसूक आलं ते पक्कं करून घ्यायचं, उजळणी घ्यायची. ती रोज पहाटे भय्यासाहेबांना कोठी रोडला फिरायला घेऊन जाऊ लागली. तेही आनंदाने येत, सूनबाई आपल्याला वेळ देते म्हणून चारचौघांत कौतुक करत. मोकळ्या जागी पोचल्यावर ती त्यांना म्हणे, आपण त्या झाडापर्यंत जाऊन यावं, मी इथे बसते. ते निघत. मग दोन आखूड शिट्ट्या. सुभेदार गवतातून कमान काढून त्यांच्यापुढे जाई आणि खाली बसे, भय्यासाहेब थबकत, वळत, आणि परत येताना म्हणत, "सुभेदारांची इच्छा नाही आज." ती हसून पनीर काढी. पुन्हा दुसऱ्या झाडाकडे. पंजाबातल्या गृहस्थांकडे मेंढ्या होत्या. तिच्याकडे काय होतं ते तिने मनातसुद्धा कधी शब्दांत मांडलं नव्हतं, आणि आता ड्रायक्लीनरच्या शटरपाशी ते तिच्यापुढे हात जोडून उभं राहिलं होतं.

त्या दुपारी मेथी निवडायला बसली तरी तिचं लक्ष लागेना. सुभेदार चावत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक. दूधवालासुद्धा आता "हट" म्हणून त्याच्या बाजूने निघून जातो. भाजीवाली त्याला ओलांडून जाते. मग भय्यासाहेबच तेवढे का थांबतात? काड्या एकीकडे, पानं एकीकडे करता करता तिला उत्तर मिळालं, आणि ते इतकं साधं होतं की आजवर न दिसल्याबद्दल तिला स्वतःचा रागच आला. ते कधीच कोणाला ओलांडून गेले नव्हते. लग्न होऊन ती या घरात आली त्या पहिल्या सकाळी ती न्हाणीघराच्या दारात केस पुसत उभी होती आणि हे हातात पंचा घेऊन व्हरांड्यात खांबाआड उभे, ती बाजूला होईपर्यंत. खाकरलेसुद्धा नाहीत. स्वयंपाकघरात यायचं तर उंबऱ्याबाहेरून विचारणार, अहल्याबाई, यावं का? विशीतल्या पोरीला अहल्याबाई म्हणत, अहोजाहो करत, तेव्हा तिच्या माहेरचे लोक तोंडाला पदर लावून हसायचे. त्यांच्या खुर्चीत मांजर झोपलं असलं तर हे स्टुलावर बसून पेपर वाचत. कोर्टातही म्हणे समोरचा वकील बोलत असताना यांनी कधी मध्ये तोंड घातलं नाही, आणि त्यापायी एकदोन दावे हातचे घालवले. सासूबाई होत्या तोवर चिडवायच्या, तुमच्यापुढे कोणी आडवं पडलं तर जन्मभर तिथेच उभे राहाल. मुलांची नावं गेली, वार गेले, बायको गेल्याचंही कधी कधी लक्षात राहत नाही, पण ही रीत तेवढी हाडात शाबूत राहिली आहे. आणि अहल्येने नेमकी तीच हेरून तिला कडी घातली होती. लोखंडी कुलूप परवडलं असतं, त्यावर निदान ते चिडले असते.

संध्याकाळी आल्हाद आल्यावर तिने त्याला हे सांगून पाहिलं. तो दमलेला होता, बुटांच्या नाड्या सोडत म्हणाला, "अगं, तू उगाच परेशान होते आहेस. भय्यासाहेब सेफ आहेत न? बाकी छोड." त्याचंही चुकत नव्हतं. त्याने देवास गेटच्या बाकावर बापाला काळ्या कोटात बघितलं होतं, ते चित्र त्याच्या डोळ्यांपुढून गेलेलं नव्हतं. चहाचा कप घेऊन ती भय्यासाहेबांकडे गेली, त्यांच्या खुर्चीसमोर वेताच्या मोड्यावर बसली, आणि इतक्या महिन्यांत जे एकदाही विचारलं नव्हतं ते तिने विचारलं. "भय्यासाहेब, आपण सकाळी कुठे निघाला होतात?"

त्यांनी बशीत चहा ओतला, विचार केला. मग म्हणाले, "ते निघताना ठाऊक नसतं, अहल्याबाई. पाय नेतात. तिथे पोचलं की वाटतं, हां, इथेच यायचं होतं." त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं. "पण हल्ली पोचणं होत नाही. त्यांचा हुकूम नसतो." तक्रार नव्हती त्यात. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं बोलले. सुभेदाराने आपला विषय निघाला हे ओळखून शेपटी आपटली.

शिकवलेलं पुसणं हे शिकवण्याहून अवघड, हे अहल्येला शाळेत ठाऊक होतं, घरात नव्याने कळलं. सुभेदाराला आता पुढे जायचं नव्हतं, मागून चालायचं होतं. पण मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्याच्या रक्तात पुढे जाणंच असतं. निघालेल्याला मागे आणायचं, पांगलेल्याला एकत्र करायचं, याखेरीज त्याला जगाचा अर्थ लागत नाही. तिने भय्यासाहेबांवर पुन्हा काही शिकवायचं नाही असं ठरवलं आणि मेंढी स्वतः झाली. पहाटे कोठी रोडला ती झाडाकडे निघे. सुभेदार वळसा घालून पुढे येऊन बसला की ती उभीच राही, बक्षीस नाही, ओरडणं नाही. तो बुचकळ्यात पडे, आणखी खाली बसे, आणखी टक लावे, आपल्या कामात काय खोट राहिली ते त्याला कळेना. शेवटी कंटाळून तो उठून तिच्या मागे आला रे आला की ती चालू लागे आणि चालता चालता मागे पनीरचा तुकडा टाकी. तो तुकडा खाई पण तोंड वाईट करी. फिरायला येणारे जाणारे बघत, मास्तरीण बाईंचं काहीतरी बिनसलंय म्हणत. घरी आल्यावर सुभेदार फ्रीजशी तोंड करून बसायचा, हाक मारली तर फक्त एक कान हलवायचा. त्याने काय वाईट केलं होतं? जे तिने मागितलं ते जीव ओतून दिलं होतं, आणि आता तीच म्हणत होती की हे नको.

फाल्गुन तापू लागल्यावर एका दुपारी ती सरळ त्याच्या शेजारी फरशीवर आडवी झाली. कूलरचा वारा येत होता, ओल्या वाळ्याचा वास होता, आणि सुभेदाराच्या बरगड्या तिच्या हाताखाली वरखाली होत होत्या. झोपेतही त्याचे पाय हलत होते, कोणाला तरी वळवत होते. तिला वाटलं, हा आणि मी एकाच जातीचे. सगळे एका छपराखाली दिसल्याशिवाय आपल्याला डोळा लागत नाही. मधुरा पुण्याला निघाली तेव्हा फाटकात उभी राहून आपणही अशीच टक लावली होती, फक्त आपल्याला माणसाची लाज होती म्हणून खाली बसलो नाही. आल्हादची इंदूरची बस यायला उशीर झाला की आपण टाचा उंचावून उभ्या राहतो. यात प्रेम किती आणि भीती किती हे वेगळं काढता येत नाही, दुधातलं पाणी काढता येत नाही तसं. पण भय्यासाहेबांना ते वेगळं काढून द्यायला हवं होतं, कारण त्यांच्यापाशी आता ते मागायला शब्द उरले नव्हते. सुभेदाराने डोळे न उघडता मान तिच्या हातावर टाकली. तिने त्याच्या कानामागे खाजवलं आणि त्याला समजावावं तसं पुटपुटत राहिली, की जाऊ द्यायचं, बाबा, जाऊ द्यायचं आणि मागे राहायचं, तेही राखणच असते. त्याला काय समजलं देव जाणे. हात मात्र तिचा सुन्न होईपर्यंत त्याने सोडला नाही.

फाल्गुन संपला, होळीचे रंग भिंतींवरून फिके झाले, आणि चैत्रातल्या एका रविवारी पहाटे भय्यासाहेबांनी कोट चढवला, टोपी घातली, फाटकाची कडी काढली. अहल्या तुळशीला पाणी घालत होती. तांब्या तिने तिथेच ठेवला. आल्हाद आत झोपला होता. त्याला उठवलं असतं तर त्याने वडिलांना परत बोलावलं असतं, आणि त्यात त्याचा दोष नसता. तिने सुभेदाराकडे पाहिलं. तो फाटकाशी थरथरत उभा होता, एक पाय उचललेला, मान तिच्याकडे वळवलेली. "मागे," ती हळूच म्हणाली. भय्यासाहेब बाहेर पडले, सुभेदार त्यांच्या मागे, आणि बऱ्याच अंतरावरून ओढणी डोक्यावरून घेऊन ती. ड्रायक्लीनरच्या शटरपाशी भय्यासाहेब सवयीने थांबले. वाट पाहिली. समोर कोणी आलं नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं, सुभेदार मागे बसला होता. "बरं," असं काहीसं ते म्हणाले आणि पुढे निघाले, आणि त्यांची चाल बदलली, छत्रीचं टोक जमिनीवर ठोकत चालले.

भय्यासाहेब मोठा रस्ता ओलांडायला लागले, तशी तिने पावलं उचलली. पहाटेची वेळ, गाड्या कमी, तरी दर्शनाला आलेल्या यात्रेकरूंची एक जीप सुसाट गेली आणि सुभेदार झेपावला, पण पुढे गेला नाही, त्यांच्या डाव्या पायाला अंग घासून उभा राहिला. हे तिने शिकवलेलं नव्हतं. भय्यासाहेब थांबले, जीप गेली, मग ते निघाले. टावर चौकात दुकानं बंद होती, झाडूवाले रस्ता झाडत होते, आणि एका गाड्यावर मोठ्या कढईतून पोह्यांची वाफ निघत होती. भय्यासाहेब सरळ तिथे गेले. गाडेवाल्याने त्यांना पाहिलं, काही न विचारता द्रोण भरला, वर शेव घातली, जीरावन मसाला भुरभुरला, आणि कागदावर एक जिलबी ठेवली. "बहुत दिन बाद, वकील साहब. तबीयत तो ठीक थी?" भय्यासाहेबांनी मान हलवली आणि द्रोण हातात घेऊन डोळे मिटून पहिला घास खाल्ला.

अहल्या बंद कापड दुकानाच्या खांबाला टेकून उभी होती. तिला हसू आलं आणि रडूही. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, घरात ती साखर कपाटात वर ठेवायची, आणि हे इथे येत होते. शाळेत ती क्रियापदं चालवत असताना हे टावर चौकात उभ्याने पोहे खात होते, मग महिनोन्‌महिने खात नव्हते, आणि गाडेवाल्याला ते लक्षात होतं. कोणाच्या लक्षात असण्याइतकं त्यांचं एक आयुष्य या चौकात होतं. त्यांनी जिलबीचा तुकडा मोडून सुभेदारापुढे धरला. सुभेदाराने लांबून तिच्याकडे पाहिलं आणि तिने मान हलवण्याच्या आत खाऊन टाकला.

रुमालाने हात पुसून भय्यासाहेब निघाले, आणि चौकाच्या कडेला येऊन थांबले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. घड्याळाच्या मनोऱ्याकडे पाहिलं. दोन पावलं स्टेशनच्या बाजूला टाकली, पुन्हा थांबले. छत्री या हातातून त्या हातात घेतली. त्यांच्या पाठीतलं बळ गेलेलं तिला एवढ्या लांबूनही दिसलं. सुभेदारालाही दिसलं, कारण तो खाली बसला, सगळं अंग ताणून, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. दोन आखूड शिट्ट्यांत तो वळसा घालून पुढे गेला असता आणि त्यांना नेटकं घरी घेऊन आला असता. तिचे ओठ जुळलेसुद्धा. तिने ते मिटून घेतले. सुभेदार कण्हला, पण हलला नाही, आणि त्या क्षणी तिला त्याच्याबद्दल जे वाटलं ते पोटच्या पोराबद्दलच वाटावं.

ती खांबापासून पुढे झाली तेव्हा भय्यासाहेबांची नजर तिच्यावर पडली. ते तिच्याकडे आले, नीट अंतर राखून थांबले आणि नमस्कार केला. "क्षमा करा, आपण मराठी दिसता," ते म्हणाले. ती थट्टा समजली, मग त्यांचे डोळे पाहिले. त्या डोळ्यांत ती नव्हती. "माधव नगरास जायचं आहे. रस्ता ओळखीचा आहे तसा. पण आज जरा... सोबत मिळाली तर उपकार होतील."

"चला," ती म्हणाली. "मीही तिकडेच निघालेय."

ते निघाले नाहीत. कुत्र्यालाही ऐकू जाऊ नये इतका आवाज खाली आणून म्हणाले, "एक विनंती होती. आमच्या घरी अहल्याबाई आहेत, आमच्या सूनबाई. मी रस्ता विचारला हे त्यांना कळू देऊ नये. फार घाबरायच्या माझ्यापायी. आताशा जाऊ देतात." त्यांनी टोपी सारखी केली. "हे कळलं तर पुन्हा घाबरतील, बिचाऱ्या."

"नाही सांगणार," अहल्या म्हणाली.

रस्त्यावर आता गाड्या वाढल्या होत्या. या घरात सुनेने सासऱ्यांना वाकून नमस्कार करायचा असतो, पायांना बोटं लावायची आणि मागे सरायचं. इतक्या वर्षांत त्यांचा हात तिने कधी हातात घेतला नव्हता, आणि अहल्याबाई म्हणून भर चौकात तो घेण्याचं धाडस तिला आजही झालं नसतं. या अनोळखी बाईला तशी काही आडकाठी नव्हती. तिने हात पुढे केला, त्यांनी तो धरला, आणि सुभेदाराला मागे घेऊन ती दोघं रस्ता ओलांडू लागली.